जपानला जाताय? चिकन मिळेलच, तेलाचं आधी विचारा

प्रश्न असा आला होता: पुण्याहून पाच जणांचं कुटुंब एप्रिलमध्ये दहा दिवस टोकियो, क्योटो, ओसाका करणार आहे. मुलं दहा आणि चौदा वर्षांची, सुशीचं नाव काढलं की नाक मुरडणारी. फ्राइड चिकन किंवा बर्गर समोर आला की खूश. घरात बीफ-पोर्क चालत नाही आणि आजी पूर्ण शाकाहारी. केएफसी-मॅकडोनाल्ड्स सहज सापडतील का, की अर्धी बॅग मॅगीनं भरायची?

मॅगीची चार पाकिटं आजींसाठी घ्या. मुलांसाठी एकही नको.

मी बारा वर्षं टोकियोत राहतोय आणि वर्षातून तीन-चार वेळा आपल्याकडून आलेल्या मंडळींना फिरवतो. हा प्रश्न बहुतेकदा विमानतळावरून बाहेर पडतानाच येतो, आणि प्रत्येकाच्या डोक्यात काळजी एकच असते: चिकन मिळेल का? अहो, या देशाला तळलेल्या कोंबडीचं वेड आहे. घरच्या डब्यात, शाळेच्या सहलीत, दारूच्या टेबलावर, रात्री दोन वाजता कोपऱ्यावरच्या दुकानात, सगळीकडे ती आहेच. तुमच्या घराला जपायचंय ते वेगळ्याच गोष्टीला. ते चिकन कशात तळलंय आणि त्याच कढईत आधी काय पडून गेलंय, हे विचारायला शिका.

सुरुवात कोंबिनीपासून करा. कोंबिनी म्हणजे सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट, लॉसन वगैरे छोटी दुकानं. देशभरात पन्नास हजारांहून जास्त आहेत आणि बहुतेक चोवीस तास उघडी. गल्ल्याशेजारी काचेची एक गरम पेटी दिसेल, आपल्या बेकरीत पॅटिस ठेवतात तशी. फॅमिलीमार्टच्या पेटीतला राजा म्हणजे फामिचिकी. २००६ साली आला, तळहाताएवढा, बिनहाडाचा, मांडीच्या मांसाचा तुकडा. तो कागदी पाकिटात घालून देतात आणि पाकिटाला मधोमध टोचलेली रेघ असते. त्या रेघेवर वरचा अर्धा भाग फाडून काढायचा, खालचा हातात धरायचा म्हणजे बोटं तेलकट होत नाहीत. पहिला घास मात्र पुढे वाकून घ्या. आत रस इतका असतो की नवखा माणूस हमखास शर्टावर सांडतो. माझा पहिल्या वर्षीचा एक पांढरा शर्ट असाच गेला, तोही मीटिंगच्या दहा मिनिटं आधी.

लॉसनमध्ये कराआगे-कुन मागा. १९८६पासून चालत आलेला प्रकार आहे: कोंबडीचं चित्र असलेल्या कागदी खोक्यात एकेका घासाचे पाच तुकडे. साधा घ्या किंवा ‘रेड’. रेड तिखट म्हणवतो. आपल्या जिभेला ती जेमतेम मिरीची आठवण वाटेल, पण दहा वर्षांच्या मुलाला नेमका तोच आवडतो.

मागायचं कसं? बोट दाखवायचं आणि ‘कोरे, हितोत्सु कुदासाई’ म्हणायचं. म्हणजे हे, एक द्या. दोन हवे असतील तर ‘फुतात्सु’. गल्ल्यावरचा माणूस ‘फुकुरो’ असं काहीतरी विचारेल, तो पिशवीबद्दल विचारतोय. जुलै २०२०पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, नको असेल तर हात हलवून ‘दाइजोबु देसु’. तिथेच बसून खाणार का, हेही काही ठिकाणी विचारतात, कारण नेलं तर कर ८ टक्के आणि बसून खाल्लं तर १० टक्के. एक नग सव्वादोनशे-अडीचशे येनच्या घरात जातो. पैसे सुईकासारख्या रेल्वेच्या कार्डानं टेकवून देता येतात, सुट्ट्यांची कटकट नाही.

एक गुपित सांगतो. पेटीतलं चिकन किती वेळ तिथे आहे यावर सगळं अवलंबून. जेवणाच्या वेळा आणि ऑफिस सुटण्याची वेळ, तेव्हा घाणे सतत निघत असतात. मध्यरात्रीनंतर पेटी रिकामी तरी असते किंवा आतला तुकडा दमलेला. ‘आगेताते’ हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे नुकतंच तळलेलं. हा शब्द लिहिलेली चिठ्ठी पेटीवर दिसली किंवा माणूस ओरडून सांगत असला, की विचार न करता रांगेत उभे राहा.

आणि खायचं कुठे? चालता-चालता नको. कायदा नाही, पण लोकांना खटकतं, आणि क्योटोच्या निशिकी बाजारात तर तसं करू नका असं लिहूनच ठेवलंय. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीतच. म्हणून दुकानाच्या आत जागा असेल तर तिथे, नाहीतर दाराबाजूला उभं राहून खा आणि कागद दुकानाच्याच डब्यात टाका. शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, सीटवर बसून खुशाल खा. शहरातल्या लोकलमध्ये डबा उघडू नका.

आता खऱ्या चिकनकडे वळू. जपानी माणूस घरचं म्हणून जे ओळखतो त्याला कराआगे म्हणतात. सोया सॉस, आलं, लसूण यांत मुरवलेले मांडीचे तुकडे, वर बटाट्याच्या स्टार्चचं किंवा मैद्याचं पातळ आवरण, आणि बरेच जण दोनदा तळतात. केएफसीसारखं जाड खपलीदार नसतं. चावलं की आधी कुरकुर, मग आल्याचा वास. आपल्या कोळंबी-फ्रायवर वाढलेल्या जिभेला हा प्रकार लगेच पटतो, असा माझा अनुभव आहे.

पण कराआगे हे तळण्याच्या पद्धतीचं नाव आहे, कोंबडीचं नाही. हे मी एका ग्रुपला सांगायला विसरलो होतो. ओसाकातल्या एका छोट्या इझाकायात, म्हणजे दारू आणि चखण्याच्या दुकानात, एका काकांनी मेनूवर ‘कराआगे’ एवढं वाचून स्वतःच ऑर्डर दिली. बशी आली, काकांनी तुकडा उचलला, आणि तुकड्याला वाटोळे चोषक होते. ऑक्टोपस. ‘ताको’ हा त्यापुढचा शब्द त्यांनी वाचलाच नव्हता. काकूंनी पुढचे तीन दिवस तो विषय सोडला नाही. तेव्हा ‘तोरि’ किंवा ‘वाकादोरि’ शब्द बघा, म्हणजे कोंबडी. ‘मोमो’ म्हणजे मांडी, ‘मुने’ म्हणजे छाती, ‘तेबासाकी’ म्हणजे पंख. ‘नानकोत्सु’ म्हणजे कूर्चा, ती मुलांसाठी मागवू नका. ‘कावा’ म्हणजे नुसती कातडी. मला फार आवडते, डॉक्टरांना नाही.

इझाकायात आणखी दोन गोष्टी. बसल्याबसल्या न मागवलेली छोटी वाटी समोर येते, तिला ओतोशी म्हणतात. ती फुकट नसते, माणशी तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात, म्हणून पाच जणांनी आधी हिशेब करावा. आणि सामायिक बशीत आलेल्या कराआगेवर न विचारता लिंबू पिळू नका. जपानी मित्रमंडळींत यावरून खरोखर वाद होतात.

तुमच्या वाटेवर नागोया आहे. क्योटोला जाताना तिथे तीन-चार तास उतरायला जमत असेल तर जरूर उतरा, कारण कोंबडीच्या बाबतीत हे शहर टोकियोच्या दोन पावलं पुढे आहे. इथली तेबासाकी म्हणजे पीठ न लावता तळलेले पंख, वर गोडसर सोयाचा लेप, तीळ आणि मिरी. ही पद्धत आपलीच म्हणून सांगणारं फुराइबो १९६३चं, आणि मिरीचा हात सैल असलेलं सेकाइ नो यामाचान १९८१चं. मराठी माणसाला यामाचान. या देशात मला न मागता मिळालेला खराखुरा तिखटपणा तिथला. खायची युक्ती अशी: पंखाची दोन्ही टोकं दोन हातांत धरून सांध्यावर उलटं मोडायचं, टोकाचा भाग बाजूला ठेवायचा, मग मांसल भाग तोंडात धरून हाड ओढून काढायचं. जमलं तर हाड स्वच्छ बाहेर येतं. तुमच्या चौदा वर्षांच्याला दुसऱ्या पंखापासून जमेल, तुम्हाला पाचव्यापासून. दुकानं बहुतेक संध्याकाळी उघडतात आणि सात वाजल्यानंतर ऑफिसची माणसं भरतात, म्हणून मुलांना घेऊन पाच-साडेपाचलाच बसा.

पुढच्या खेपेला दक्षिणेच्या क्युशू बेटावर गेलात तर ओइता प्रांतातलं नाकात्सु सोडू नका. कराआगेची पंढरी म्हणतात त्याला. हाकाताहून बेप्पूकडे जाणारी सोनिक एक्स्प्रेस तिथे थांबते. फुकुझावा युकिचि, ज्यांचं चित्र २०२४पर्यंत दहा हजारांच्या नोटेवर यायचं, ते याच गावात वाढले, पण स्टेशनातून बाहेर पडलेल्या माणसाच्या नाकाला आधी लसूण-आलं जाणवतं. छोट्या दुकानांत बसायची जागा नसते. मांडी की छाती, हाडासकट की बिनहाडाचं, किती ग्रॅम, एवढं सांगायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण ऑर्डर आल्यावरच कढईत टाकतात. मग गरम कागदी पिशवी हातात येते आणि तुम्ही नदीकाठी जाऊन बसता. त्याच प्रांतात तोरितेन मिळतं, म्हणजे कोंबडीचं टेंपुरा, आपल्या भज्यांचं सख्खं भावंड. शेजारच्या मियाझाकीत चिकिन नानबान, तळलेलं चिकन आंबटगोड व्हिनेगरात बुडवून वर टार्टार सॉस. उत्तरेला होक्काइदोत कराआगेला झांगी म्हणतात. निइगातात तर अर्धी कोंबडी करी पावडर लावून तळतात. तिचा वास आला आणि मला क्षणभर आपल्याच एखाद्या हायवेच्या ढाब्यावर असल्यासारखं वाटलं होतं.

आता केएफसी, ज्याबद्दल तुम्ही विचारलंत. आहे, भरपूर आहे. १९७० साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात चाचणी म्हणून दुकान लावलं आणि त्याच नोव्हेंबरात पहिलं नियमित दुकान उघडलं ते नागोयात. चव सौम्य, आकार आपल्याकडच्यापेक्षा लहान, सोबत मधाळ सिरप ओतून खायचं गरम बिस्किट. मुलांना हे बिस्किट चिकनपेक्षा जास्त आवडेल, अशी पैज लावतो. तुम्ही एप्रिलात येताय म्हणून निभावलं. डिसेंबरात येणाऱ्यांनी मात्र ऐका: १९७४च्या जाहिरातीपासून इथे ख्रिसमसला केएफसी खायची रीत पडली आहे, २५ तारखेला सुट्टी नसली तरी. आधी नाव नोंदवलेल्यांची रांग २४ला फुटपाथवर येते आणि सहज आत शिरलेल्या पाहुण्याला हात हलवत परत यावं लागतं.

ओसाकात दोतोन्बोरी कालव्याच्या पुलावर उभे राहाल तेव्हा मुलांना ही गोष्ट सांगा. १९८५ साली हानशिन टायगर्स या बेसबॉल संघानं लीग जिंकली. एकेका खेळाडूसारखा दिसणारा चाहता पुढे येऊन कालव्यात उडी मारत होता. रँडी बास या दाढीवाल्या अमेरिकन खेळाडूसारखा कुणी मिळेना, म्हणून लोकांनी जवळच्या केएफसीसमोरचा कर्नल सँडर्सचा पुतळाच उचलून पाण्यात टाकला. त्या वर्षी हानशिननं जपान सिरीजही, म्हणजे देशाचं अजिंक्यपदही, जिंकली, पण त्यानंतर २०२३पर्यंत एकदाही नाही, आणि हा कर्नलचा शाप म्हणून प्रसिद्ध झाला. पुतळा २००९मध्ये गाळातून वर काढला, चष्मा आणि डावा हात नसलेला.

खरी गफलत होते ती बर्गरमध्ये. भारतातल्या मॅकडोनाल्ड्समध्ये बीफ-पोर्क नसतं, त्यामुळे आपण डोळे मिटून बोट ठेवतो. इथे ‘हानबागा’ म्हणजे बीफ, काही लिहिलेलं नसलं तरी. ‘तेरियाकी’ नावाला भुलू नका, मॅकडोनाल्ड्सच्या तेरियाकी बर्गरमध्ये पोर्कची पॅटी असते. मुलांसाठी नगेट्स किंवा चिकन फिलेओ मागा. आणि फ्रेंच फ्राइज? इथल्या मॅकडोनाल्ड्सच्या तळणीच्या तेलात गायीची चरबी मिसळलेली असते. आजींना ‘बटाटाच तर आहे’ म्हणून देऊ नका, आणि तुम्हालाही चालणार नसेल तर तेही सोडा. (टोकियोत याला माक्कु म्हणतात, ओसाकात माकुदो. ओसाकाच्या माणसासमोर माक्कु म्हणून बघा, चेहरा पाहण्यासारखा होतो.)

मोस बर्गर मला व्यक्तिशः जास्त आवडतं. १९७२ साली टोकियोत सुरू झालेली जपानी कंपनी. ऑर्डर दिल्यावर बनवतात, म्हणून दहा मिनिटं लागतात. तेरियाकी चिकन बर्गर किंवा नुसतं मोस चिकन घ्या. सायझेरिया हे इटालियन फॅमिली रेस्टॉरंटही लक्षात ठेवा. स्वस्तात स्वस्त, आणि तिथले ‘कारामि चिकिन’ म्हणजे मसालेदार पंख तीनशे येनच्या आसपास मिळतात. पाच जणांचं कुटुंब बिल बघून हसत बाहेर पडतं.

टाळायच्या जागा: तोनकात्सुची दुकानं. तिथे चिकन कात्सु, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेलं चिकन, मिळतं, पण मुख्य धंदा डुकराच्या मांसाचा आणि तळणही बहुतेक लार्डमध्ये, म्हणजे डुकराच्या चरबीत. जपानी करीच्या रश्श्यातही गायीची किंवा डुकराची चरबी असणं नेहमीचंच, वर चिकन कात्सु ठेवलेला असला तरी. कोंबिनीच्या कोरोक्केत, म्हणजे बटाट्याच्या कटलेटमध्ये, बऱ्याचदा खिमा असतो, आणि ते त्याच कढईत तळलं जाण्याची शक्यता मोठी. कढईपर्यंत काटेकोर असाल तर कोंबिनीचं चिकनही तुमच्यासाठी नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या ग्रुपमधली बहुतेक मंडळी ‘ताटात नको, कढईचं बघत नाही’ या भूमिकेवर येतात. तुमची रेघ कुठे, ते निघण्याआधी घरात ठरवा. दुकानात उभं राहून ठरवायला गेलात की भांडण होतं.

विचारताना ‘निकु नको’ म्हणू नका. निकु म्हणजे मांस, पण ओसाका-क्योटोकडे नुसतं निकु म्हटलं की बीफ समजतात, आणि बेकनचे चार तुकडे किंवा माशाचं पाणी यांना कुणी निकुत मोजेलच असं नाही. नेमकं बोला: ‘ग्यूनिकु’ गाय, ‘बुतानिकु’ डुक्कर, ‘तोरिनिकु’ कोंबडी, ‘राडो’ लार्ड. गायीचं अक्षर ओळखायलाही सोपं आहे, दोन आडव्या रेघांतून गेलेली एक उभी काठी आणि डाव्या खांद्यावर छोटा तिरका फटकारा. त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे मोठ्या साखळी दुकानांचे ॲलर्जीचे तक्ते. गहू, अंडं, दूध अशा सक्तीच्या घटकांशिवाय आणखी काही घटक ऐच्छिक यादीत येतात आणि त्यांत बीफ, पोर्क, चिकन, जिलेटिन हे वेगवेगळे रकाने असतात. वेबसाइटवरून तक्ता उघडायचा, फोनच्या भाषांतरानं वाचायचा, रकान्यात खूण आहे का बघायचं. सामायिक कढईचं मात्र तो तक्ता सांगत नाही.

आजींचा विषय खरं तर वेगळा आहे, इथे दोन ओळी. माशाचा अर्क, ज्याला दाशि म्हणतात, सूपपासून भाजीपर्यंत सगळीकडे असतो. टोकियोत निशिकासाइ भागात भारतीय कुटुंबं खूप, तिथे शाकाहारी थाळी सुखानं मिळते. टोकियो स्टेशनच्या आतलं टीज तानतान पूर्णपणे शाकाहारी रामेन, म्हणजे नूडल्सचं सूप, देतं. बाकी दिवशी कोंबिनीतला साधा भात, दही, केळी आणि तुमची घरची चटणी.

हॉटेलवर रात्री परतताना सुपरमार्केटचा तयार पदार्थांचा कोपरा बघत या. साडेसात-आठनंतर कराआगेच्या डब्यांवर लाल-पिवळे स्टिकर चिकटवायला माणूस येतो. ‘हानगाकु’ म्हणजे अर्धी किंमत. त्याच्या मागेमागे फिरणाऱ्या जपानी आज्या दिसतील. त्या रांगेत शिरायला लाजू नका, फक्त त्याच्या हातातून डबा ओढू नका, तो खाली ठेवेपर्यंत थांबा.

शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तिखट-मिठाची डबी जरूर आणा, कारण तिसऱ्या दिवशी सगळ्यांनाच इथलं गोडसर वाटायला लागतं. चिकनचं लोणचं, मटणाचं सुकं, सॉसेज असलं काही मात्र बॅगेत घालू नका. मांसाचे पदार्थ देशात आणायला बंदी आहे आणि नारिताला सामानाच्या पट्ट्याजवळ एक बीगल कुत्रा फिरत असतो. तो तुमच्या बॅगेशेजारी शांतपणे खाली बसला की समजा, आता चिकनबद्दलची पुढची चर्चा अधिकाऱ्यांशी.